फायनलच्या वळणावर पाय आवरा

पत्र: सेसना १७२ या छोट्या विमानावर उड्डाण शिकताना माझे १९ तास झालेत. मागच्या आठवड्यात ४,००० फुटांवर पॉवर-ऑन स्टॉलचा (इंजिन जोरात ठेवून, नाक उंच करून पंखांची उचल सुटेपर्यंत नेण्याचा) सराव करताना नाक सरळ खाली जाण्याऐवजी डावा पंख धाडकन पडला. मी योक (हातातलं सुकाणू) पूर्ण उजवीकडे फिरवला, तर विमान आणखीच डावीकडे उलथलं. समोरच्या काचेत फक्त जमीन, तीही फिरणारी. इन्स्ट्रक्टरने विमान हातात घेतलं. सरळ झालो तेव्हा आम्ही ८०० फूट खाली आलो होतो. तेव्हापासून बँक दिली, म्हणजे पंख कलवले, की पोटात गोळा येतो. म्हणून फायनलला, म्हणजे धावपट्टीसमोरच्या शेवटच्या सरळ टप्प्याला, वळताना मी पंख जेमतेम कलवतो आणि उरलेलं वळण रडरने (पायाने चालणाऱ्या शेपटीच्या सुकाणूने) काढतो. त्यावर इन्स्ट्रक्टर ओरडतात. त्या दिवशी चूक माझीच होती का? पुन्हा असं झालं तर काय करायचं? आणि सोलोच्या, म्हणजे पहिल्या एकट्याच्या उड्डाणाच्या, आधी नक्की काय पक्कं करू?
— सोलोच्या उंबरठ्यावरचा विद्यार्थी

उत्तर: ४,००० फुटांवर जे झालं त्याची मला फार काळजी वाटत नाही. खाली भरपूर हवा होती आणि शेजारी इन्स्ट्रक्टर होते. काळजी आहे ती 'उरलेलं वळण रडरने काढतो' या वाक्याची. ते आजपासून बंद करा. भीतीपोटी शोधलेला हा उपाय म्हणजे आगीतून फुफाट्यात उडी आहे, आणि हा फुफाटा जमिनीपासून जेमतेम ५०० फुटांवर आहे.

नेमकं काय होतं ते बघू. डावं सर्किट धरा, म्हणजे धावपट्टीभोवतीचा डाव्या वळणांचा फेरा. बेसवर, म्हणजे फायनलच्या आधीच्या आडव्या टप्प्यावर, वारा पाठीशी आहे, म्हणून तुम्ही धावपट्टीची रेषा ओलांडून पलीकडे चाललात. नाक धावपट्टीकडे यायला हवं, पण पंख कलवायची भीती. म्हणून डावा पाय दाबला. नाक डावीकडे सरकलं, तसा बाहेरचा उजवा पंख हवेतून जास्त वेगाने जाऊ लागला, त्याची लिफ्ट (उचल) वाढली आणि जी बँक टाळायची होती तीच आपोआप वाढायला लागली. ती रोखायला तुम्ही योक उजवीकडे धरलात. योक उजवीकडे म्हणजे डाव्या पंखाचा एलिरॉन (टोकाजवळची मागच्या कडेची हलती पट्टी) खाली. आतला पंख आधीच हळू चालला होता, त्याच्या टोकाकडचा अँगल ऑफ अटॅक (समोरच्या हवेशी होणारा कोन) त्यामुळे आणखी वाढला. शिवाय कलंडलेल्या विमानात आतल्या बाजूचा रडर नाकाला खालीही खेचतो, म्हणून तुम्ही योक पोटाशी ओढलात. आता डावा पाय दाबलेला, योक उजवीकडे, आणि तोही मागे ओढलेला. मुद्दाम स्पिनमध्ये, म्हणजे स्टॉल झालेलं विमान गरगरत खाली येतं त्या अवस्थेत, शिरायचं असेल तर हातपाय जवळपास असेच ठेवावे लागतात. बाहेर बघताना मात्र काहीच वावगं दिसत नाही. बँक १५-२० अंशांची, नाक क्षितिजाच्या खाली, सगळं कसं सौम्य. आणि मग आतला पंख सुटतो आणि विमान त्याच बाजूला पालथं होऊ लागतं.

सेसना १७२ च्या हँडबुकमध्ये एका फेऱ्याच्या स्पिनसाठी, बाहेर येण्यासकट, किमान १,००० फूट उंची धरून ठेवायला सांगितलंय. तेही आधीपासून तयार असलेल्या माणसासाठी. फायनलचं वळण होतं साधारण ५०० फुटांवर. हा हिशेब कुठल्याच कौशल्याने जुळत नाही, म्हणून इथे सुटका शिकायची नसते, तिथवर जायचंच नाही हे शिकायचं असतं.

याच्या उलट स्लिप. वळणात रडर कमी पडला, बॉल (समोरच्या फळीवरच्या वाकड्या नळीतली गोळी) आतल्या बाजूला घसरला, तर तेही बेशिस्तच. पण त्यात साधारणपणे वरचा पंख आधी सुटतो आणि विमान सरळ होण्याच्या दिशेने कलतं. म्हणून स्लिपवर इन्स्ट्रक्टर नुसते चुकचुकतात आणि स्किडवर, म्हणजे तुमच्यासारख्या रडरने काढलेल्या वळणावर, ओरडतात. तुमचे इन्स्ट्रक्टर ओरडतात ते बरोबरच करतात, फक्त कारण नीट समजावून सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

स्किड ओळखायचा कसा? डाव्या वळणात बॉल उजवीकडे, म्हणजे वळणाच्या बाहेर पळालेला असतो. बॉल ज्या बाजूला, त्या बाजूचा पाय. फायनलच्या वळणात नजर बॉलवर खिळवून ठेवता येत नाही, म्हणून बूड काय सांगतं ते शिका: गाडी वळताना जसे आपण बाहेरच्या दाराकडे ढकलले जातो, तसं सीटमध्ये वाटलं की स्किड आहे. नीट साधलेल्या वळणात शरीर कुठेच सरकत नाही, फक्त सीटमध्ये किंचित दाबलं जातं.

आता बँकेच्या भीतीकडे येऊ. पंख स्टॉल होतो तो एका ठरावीक कोनामुळे: पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातला कोन, हलक्या विमानांत साधारण १५ ते १८ अंश. तो कोन वाढतो योक ओढल्याने. वेगाचा काटा त्या कोनाचा फक्त अंदाज देतो. उंची राखून वळताना जास्त ओढावं लागतं, म्हणून स्टॉलचा वेग चढतो. ३० अंश बँकेत तो सुमारे ७ टक्के वाढतो, ४५ अंशांत १९ टक्के, ६० अंशांत ४१ टक्के. १७२ एस मॉडेलचा पूर्ण वजनाचा, फ्लॅप (उतरताना खाली सोडायच्या पंखाच्या पट्ट्या) वर असतानाचा स्टॉल ४८ नॉट धरला, तर ३० अंशांत तो ढोबळमानाने ५१-५२ नॉट होतो. तुम्ही बेसवरून वळता तेव्हा काटा ६५ ते ७० वर असतो. म्हणजे ३० अंशांपर्यंतची, बॉल मध्ये ठेवून दिलेली बँक तुमच्याकडे ऐसपैस जागा शिल्लक ठेवते. ६० अंशांवर मात्र तोच हिशेब ६८ नॉटवर जातो आणि शिल्लक संपते. म्हणून सर्किटमध्ये ३० अंश ही वरची मर्यादा धरा. तेवढ्यात रेषा सापडत नसेल तर पंख सरळ, पूर्ण पॉवर, गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा चढायचं. ओलांडलेली रेषा पायाने भरून काढायची नाही, कधीच.

आता ४,००० फुटांवरचा प्रसंग. डावाच पंख का पडला? प्रोपेलर कॉकपिटमधून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. नाक उंच, वेग कमी आणि पॉवर पूर्ण असली की उजवीकडून खाली उतरणारं पातं हवेचा मोठा घास घेतं, शिवाय प्रोपेलरचा वळसे घेत मागे जाणारा झोत शेपटीच्या उभ्या पंखाला डावीकडून धडकतो. दोन्हींमुळे नाक डावीकडे जातं. वेग उतरत जातो तसा उजवा पाय जास्त जास्त लागतो. ७४ नॉटच्या चढाईत जेवढा पाय पुरतो, तेवढा स्टॉलजवळ पुरत नाही. तुमचा पाय बहुधा चढाईतच अडकून राहिला. नाक हळूहळू डावीकडे सरकत राहिलं, डावा पंख मागे पडला आणि आधी सुटला.

पुढची चूक हाताची. पडणारा पंख उचलायला योक उलटा फिरवणं अगदी नैसर्गिक आहे, पण त्याने पडलेल्या पंखाचा एलिरॉन खाली जातो, कोन आणि ड्रॅग दोन्ही वाढतात आणि विमान त्याच बाजूला आणखी ओढलं जातं. गंमत अशी की १७२ चा पंख मुद्दाम पिळलेला असतो, टोक मुळापेक्षा कमी कोनात. त्यामुळे मुळाकडे स्टॉल सुरू झाला तरी टोकाकडचा एलिरॉन काही काळ चालतो. पहिल्या आठ-दहा गुळमुळीत स्टॉलमध्ये योक फिरवून पंख सरळ करणं खपून जातं, हाताला तीच सवय लागते, आणि मग एक दिवस जोराचा स्टॉल येतो तेव्हा तीच सवय अंगावर येते.

तर चूक तुमची होती का? हो, पायाची आणि मग हाताची. पण १९ तासांच्या विद्यार्थ्याने ती करणं अपेक्षितच आहे. उंची आणि शेजारची सीट त्यासाठीच असते. १९१२ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या सॉल्झबरी प्लेनवर विल्फ्रेड पार्क नावाचा वैमानिक ॲव्हरो बायप्लेनमध्ये असाच फिरत खाली येत होता. त्यानेही आधी मनाला पटेल ते करून पाहिलं: स्टिक मागे ओढली, रडर फिरण्याच्याच दिशेला दिला. काही उपयोग झाला नाही. शेवटी रडर उलटा दिला आणि जमीन जेमतेम ५० फुटांवर असताना विमान सावरलं. तेव्हा हे शिकवायला कोणी नव्हतं.

पुन्हा पंख पडला तर क्रम असा. पहिली कृती योक पुढे, बाकी सगळं नंतर. झटका देऊन नाक जमिनीत रोवायची गरज नाही. नाक क्षितिजाच्या थोडं खाली जाईल आणि स्टॉलचा इशारा देणारा भोंगा थांबेल इतकंच. त्याच वेळी पायाने नाकाचं सरकणं थांबवा, फक्त थांबवा. पंख उचलण्यासाठी रडरवर लाथ मारली तर दुसऱ्या बाजूने स्पिन सुरू व्हायचा. हवा पुन्हा पंखाला धरते ते योकमध्ये जाणवतं, तो परत कडक लागतो. मग एलिरॉनने पंख सरळ करा, पॉवर पूर्ण आणि हळूहळू चढाई. घाईने ओढलंत तर दुसरा स्टॉल हमखास, आणि तो पहिल्यापेक्षा वाईट असतो.

एवढं करूनही विमान फिरतच राहिलं तर आधी वेगाचा काटा बघा. काटा कमी वेगावरच अडकलेला असेल तर हा स्पिन आहे. काटा भराभर चढत असेल तर हा स्पायरल आहे, म्हणजे स्टॉल नसलेला, खाली जात घट्ट होणारा वळसा. १७२ मध्ये स्पिन नीट धरून ठेवला नाही तर तो अनेकदा फेऱ्या-दोन फेऱ्यांत स्पायरलमध्ये बदलतो. दोन्हींत समोर जमीन फिरताना दिसते, उपाय मात्र वेगळे आहेत.

स्पिनमध्ये थ्रॉटल पूर्ण बंद, योक आडव्या दिशेने अगदी मध्ये. फिरण्याच्या उलट बाजूचा रडर शेवटपर्यंत दाबा, आणि तो टेकला की लगेच योक ठामपणे पुढे, स्टॉल मोडेपर्यंत. फिरणं थांबेपर्यंत हे धरून ठेवा. थांबलं की रडर मध्ये, नाहीतर उलट दिशेने फेरी सुरू होते. मग डाइव्हमधून सावकाश बाहेर. फ्लॅप बाहेर असतील तर आत घ्या. कुठल्या बाजूला फिरतोय हे गोंधळामुळे कळत नसेल तर टर्न कोऑर्डिनेटरमधलं (वळण दाखवणाऱ्या उपकरणातलं) छोटं विमान बघा. स्पिनमध्ये बॉलवर विश्वास ठेवू नका.

स्पायरलमध्ये थ्रॉटल बंद, मग पंख सरळ, आणि त्यानंतरच योक मागे. पंख कललेले असताना ओढलंत तर वळसा आणखी घट्ट होतो आणि पंखांवरचा भार वाढत जातो. नॉर्मल कॅटेगरीत १७२ साठी ही मर्यादा ३.८ जी, म्हणजे वजनाच्या ३.८ पट आहे.

हा सराव एकट्याने करायचा नाही. १७२ मध्ये मुद्दाम स्पिन फक्त युटिलिटी कॅटेगरीच्या वजन-तोलात, फ्लॅप वर, मागची सीट रिकामी ठेवून आणि स्पिन शिकवणाऱ्या इन्स्ट्रक्टरबरोबर. मागे माणूस किंवा सामान असलं की सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी (तोलाचा बिंदू) मागे सरकतं आणि तेच विमान बाहेर यायला कुरकुरतं.

पुढच्या तीन-चार उड्डाणांत इन्स्ट्रक्टरकडे एवढं मागून घ्या. आधी जमिनीवर वीस मिनिटं, फळ्यावर, इंजिन बंद. 'मला बँकेची भीती बसली आहे आणि मी रडरने वळतो,' हे वाक्य जसंच्या तसं म्हणा. त्यावर इन्स्ट्रक्टर चिडले किंवा हसले, तर एक उड्डाण दुसऱ्या इन्स्ट्रक्टरबरोबर करण्यात काही गैर नाही.

हवेत पहिल्यांदा क्षितिजावरचा एक ठळक बिंदू धरा. नाक त्यावर ठेवून पंख २० अंश डावीकडे, २० अंश उजवीकडे, न थांबता. नाक बिंदूवरून हललं म्हणजे पाय आणि हात एकमेकांशी बोलत नाहीत. दहा मिनिटांत घाम फुटेल, पण पायाला जाग येते ती यानेच. मग स्लो फ्लाइट: १७२ चा भोंगा स्टॉलच्या ५ ते १० नॉट आधी वाजतो, तो वाजत असतानाच १०-१५ अंशांची वळणं घ्या, बॉल मध्ये. (हा भोंगा विजेवर नाही, हवेच्या ओढीवर चालतो. डाव्या पंखाच्या पुढच्या कडेच्या छोट्या भोकावर स्वच्छ रुमाल ठेवून हवा ओढली तर वाजायला हवा. प्रीफ्लाइटला तो वाजवून बघायचा कंटाळा करू नका.) त्यानंतर पॉवर-ऑफ स्टॉल, पण सुटका पॉवरला हात न लावता, फक्त योक सैल सोडून. किती थोडं सोडलं तरी पंख परत उडू लागतो हे तळहाताला कळलं की निम्मी भीती तिथेच उतरते. पॉवर-ऑन सगळ्यात शेवटी, आणि तोंडाने मोठ्याने 'उजवा, उजवा, उजवा' म्हणत.

आणि एक प्रयोग नक्की मागा. जमिनीपासून ५,००० फुटांवर ठरवा की ४,५०० ही 'जमीन' आहे. त्या उंचीवर बेस आणि फायनलचं खोटं वळण घ्या आणि इन्स्ट्रक्टरना तुमचाच प्रकार, डावा पाय आणि उजवा योक, करून दाखवायला सांगा. सावरल्यावर अल्टिमीटर कुठे थांबतो ते वाचा. माझ्या दोन हजार शब्दांपेक्षा तो काटा जास्त पटवून देईल.

योक आवळण्याचं काय? घाबरलेला माणूस मुठीने धरतो आणि नकळत ओढतो. विमान ट्रिम करा, म्हणजे योक न धरताही नाक जागेवर राहील असं जुळवा, आणि योक अंगठा व दोन बोटांत धरा. बोटांमध्ये आडवीतिडवी पेन्सिल अडकवून उडा. मूठ आवळली की ती बोटांना टोचते. इन्स्ट्रक्टर 'माझ्याकडे कंट्रोल' म्हणाले की हात वर, पाय मागे आणि तोंडाने उत्तर: 'तुमच्याकडे कंट्रोल.' त्यांनी ते पुन्हा एकदा म्हणेपर्यंत सोपवणं पूर्ण होत नाही. पडणाऱ्या विमानात दोघांचे पाय उलटसुलट रडरवर असणं ही सगळ्यात वाईट अवस्था.

सोलोच्या आधी आणखी दोन गोष्टी पक्क्या हव्यात. इंजिन टेकऑफनंतर गेलं तर नाक लगेच क्षितिजाखाली, फ्लॅप वर असतील तर ७० नॉट, समोरच्या पट्ट्यात उतरायचं. मागे वळायचं नाही.

दुसरी गोष्ट गो-अराउंड, आणि इथे नवखे जास्त फसतात. फायनलवर फ्लॅप पूर्ण, ट्रिम नाक वर. पूर्ण पॉवर दिली की नाक स्वतःहून उसळतं आणि डावीकडेही जातं. तेव्हा थ्रॉटलबरोबरच उजवा पाय आणि योकवर चांगला जोर, खरोखर ढकलावं लागतं. फ्लॅप २० वर आणा, ६० नॉट धरा, ट्रिम खाली फिरवा, मग १०, आणि सुरक्षित उंची व ६५ नॉट मिळाल्यावर पूर्ण वर. फ्लॅप एकदम शून्यावर आणले तर विमान दबतं. हे आधी ३,००० फुटांवर करा, मग धावपट्टीवर, किमान सहा वेळा. सोलोच्या दिवशी शेजारची सीट रिकामी असेल, म्हणजे अंदाजे ८० किलो कमी. विमान लवकर सुटेल, नाक जास्त वर जाईल, सर्किटची उंची नेहमीच्या जागेच्या आधीच येईल, आणि फायनलवर तुमच्या ओळखीची पॉवर ठेवलीत तर उंच राहून धावपट्टीवर तरंगत जाल. तेव्हा योक ओढून चाकं टेकवायला जाऊ नका. उजवा पाय आणि पूर्ण पॉवर, पुन्हा एक सर्किट.